लाईट, बिल आणि टेबलाखालचे पैसे: अडलेलं काम कागदावर कसं आणायचं

मराठवाड्यातल्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. एक चक्की, एक मिरची कांडप, दोन्ही तीन फेजवर चालणारे. एक फेज गेला की दळणाचे डबे ओळीने मांडून बायका ओट्यावर टेकतात आणि बोलायचे विषय ठरलेले असतात: लाईट कधी येणार, बिल एवढं कसं आलं, रस्त्याच्या कामात कुणी किती खाल्ले, आणि अमक्या कागदाला तमक्या टेबलावर सध्या काय भाव चाललाय. हे ऐकून ऐकून, आणि गिरणीच्या बिलाच्या भांडणापायी कार्यालयांच्या पायऱ्या चढून, मला जी रीत जमली ती लिहून काढते आहे. सगळं महाराष्ट्रातलं आहे. दुसऱ्या राज्यात वीज कायदा तोच असला तरी मुदती, नमुने आणि फी वेगळी असते.

वही आणि पोच

साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर बिलावरचा ग्राहक क्रमांक, मीटर नंबर, आपल्या डीपीचा, म्हणजे रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) नंबर (पेटीवर किंवा खांबावर रंगवलेला असतो), फिडरचं (सबस्टेशनमधून आपल्याकडे येणारी मुख्य लाईन) आणि सबस्टेशनचं नाव लिहा. ती वही घरात सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा, कारण १९१२ ला (वीज कंपनीचा तक्रारीचा नंबर) फोन लागला की पलीकडची मुलगी पहिल्यांदा ग्राहक क्रमांक विचारते आणि त्या वेळी घरात अंधार असतो. पुढच्या पानांवर लाईट गेल्याची तारीख-वेळ, आल्याची वेळ, फोन केला तर तक्रार क्रमांक, आणि कोण काय म्हणालं ते एका ओळीत. एवढंच. भाषण लिहायचं नाही.

आता पोच. तोंडी तक्रारीचं आयुष्य साहेब त्या खुर्चीत असेपर्यंत. बदली झाली की तक्रार संपली. म्हणून अर्ज नेहमी दोन प्रतींत. एक आवक टेबलावर द्यायची, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. याला सगळे 'ओसी', म्हणजे ऑफिस कॉपी, म्हणतात. कारकून म्हणेल, "ठेवा इथे, साहेबांना दाखवतो." शांतपणे म्हणायचं, "दाखवा ना दादा, पण आधी ओसीवर शिक्का मारून द्या." शिक्का सापडत नाही, आवकवाला रजेवर आहे, असं काही निघालं तर वाद घालत बसू नका. पोस्टात जा, स्पीड पोस्टाने पाठवा, पावती वहीत चिकटवा. त्यानंतर त्याच कार्यालयात शिक्का सापडतो हा माझा अनुभव आहे.

एका अर्जात एकच तक्रार. लाईट, बिल आणि खांब वाकलाय हे तिन्ही एका कागदावर लिहिलं की तिघेही "ते माझ्याकडे नाही" म्हणायला मोकळे. शेवटी 'प्रत माहितीसाठी' म्हणून वरच्या अधिकाऱ्याचं पद लिहा आणि त्यांना खरोखर पाठवा. वीज कंपनीत उतरंड अशी: शाखेचा अभियंता, उपविभागाचा उपकार्यकारी अभियंता, विभागाचा कार्यकारी अभियंता, मंडळाचा अधीक्षक अभियंता. थेट मुंबईला पत्र धाडलं तर ते फिरत फिरत शाखेतच येऊन पडतं. एक पायरी वर प्रत गेली की पुरे.

लाईट गेली तर

आधी घरचा एमसीबी बघा, मग शेजारी डोकवा. फक्त आपलीच गेली असेल तर सर्व्हिस वायर किंवा मीटर. आळीची गेली असेल तर डीपीचा फ्यूज. अख्ख्या गावाची गेली असेल तर फिडर, आणि मग वायरमनला सतरा फोन करून उपयोग नसतो, त्याची माहिती सबस्टेशनच्या ऑपरेटरकडे असते. त्याला एकच विचारायचं: ब्रेकडाऊन आहे, परमिट आहे, का लोडशेडिंग?

तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. ब्रेकडाऊन म्हणजे बिघाड, तिथे तक्रार क्रमांक घ्यायचा. परमिट म्हणजे कुणीतरी माणूस आत्ता तारेवर काम करतोय. तिथे "लवकर चालू करा" म्हणून ओरडू नका, पुढाऱ्याकडून फोन करवू नका. घाईत चालू केलेल्या लाईनवर माणसं मेली आहेत. लोडशेडिंग असेल तर वेळापत्रक मागा. जाहीर असेल तर वेळापत्रक असतं, नसेल तर जे चाललंय ते अघोषित आहे आणि ते वहीत लिहायचं.

जुन्या माणसांना २००५ नंतरची वर्षं आठवत असतील. तेव्हा फिडरचे गट पाडले होते. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त. हिशोबाने बरोबर असेलही, पण आकडे टाकणारा आणि वेळेवर बिल भरणारा एकाच फिडरवर असतात, त्यामुळे प्रामाणिक माणसाला दुसऱ्याच्या आकड्याची शिक्षा. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. एप्रिल २०२२ मध्ये ऐन उन्हाळ्यात कोळसा कमी पडला तेव्हा पुन्हा थोडे दिवस तेच बघितलं. शेतीच्या फिडरचं तर वेगळंच: एक आठवडा दिवसा आठ तास, दुसरा आठवडा रात्री दहा तास. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातली बाई तो परत येईपर्यंत झोपत नाही. सौर कृषी वाहिनीखाली दिवसाची लाईट देण्याचं काम सुरू आहे. आपला फिडर त्यात आहे का, हे उपविभागात लेखी विचारा, गावातल्या बातमीवर जाऊ नका.

मोटार असलेल्यांसाठी: एक फेज गेला की मोटार घरघरते, फिरत नाही, गरम होते आणि वायंडिंग जळतं. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नावाची छोटी पेटी स्टार्टरमध्ये बसवून घ्या, मोटार भरण्याच्या खर्चापुढे ती काहीच नाही. आणि घरातले दिवे अचानक भगभगीत पेटले, पंखा सुसाट सुटला, तर न्यूट्रल तुटलाय असं समजून त्या क्षणी मेन बंद करा. दोन फेजच्या मधे अडकलेल्या टीव्हीला २३० ऐवजी चारशेच्या जवळ व्होल्ट बसू शकतात.

छतावर सोलर बसवणाऱ्यांना एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, बिल खरंच उतरतं. पण साधी ऑन-ग्रिड यंत्रणा लाईट गेली की स्वतःही बंद पडते, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्याला उलट करंट लागू नये म्हणून तसं केलेलं असतं. लाईट गेल्यावरही पंखा फिरायला हवा असेल तर बॅटरीवाली यंत्रणा लागते, आणि तिचा खर्च वेगळा.

डीपी जळाली तर

यावर जरा थांबते, कारण गावाकडे सगळ्यात जास्त लूट इथे होते.

रोहित्र जळालं की पहिल्या तासात तीन कामं करायची. १९१२ ला तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. लांबून फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा. आणि त्या डीपीवरच्या ग्राहकांची यादी करा: नाव, ग्राहक क्रमांक, सही. दुसऱ्या दिवशी सकाळी ही यादी जोडून शाखा कार्यालयात अर्ज आणि ओसी. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलायचं अशी मुदत वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांत घातलेली आहे. अर्जात ते लिहा. मुदत चुकली तर भरपाईची तरतूदही आहे. रक्कम फार नसते, पण मागणी कागदावर आली की उशीर कुणाच्या तरी नावावर लागतो, आणि तेच हवं असतं.

मग गावात वर्गणीची गोष्ट निघते. "ट्रॅक्टर आपल्यालाच लावावा लागेल." "ऑइलचे पैसे द्यावे लागतील." "स्टोअरमधल्या माणसाला काहीतरी द्या, नाहीतर नंबर पंधरा दिवसांनी." रोहित्र वीज कंपनीच्या मालकीचं आहे. ते नेणं, आणणं, बसवणं तिचं काम. पीक जळत असतं तेव्हा शेतकरी हजार-दोन हजारांना बघत नाही आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण द्यायच्या आधी एक दिवस तरी हे करून बघा: शाखेत जाऊन म्हणा, "साहेब, वाहतुकीचा खर्च ग्राहकांनी करायचा असं आम्हाला एका ओळीत लेखी द्या, आम्ही लगेच वर्गणी काढतो." ती ओळ कुणी देत नाही. आमच्या गावच्या वरच्या डीपीचं असंच झालं. लेखी मागितल्यावर दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ठेकेदाराचीच गाडी आली.

"सगळ्यांनी थकबाकी भरल्याशिवाय डीपी नाही" हेही तोंडीच सांगतात. त्यालाही तेच उत्तर: लेखी द्या. आणि आपण बिल भरलं असेल तर पावतीची झेरॉक्स अर्जाला जोडा, म्हणजे 'डीपीवर सगळेच थकबाकीदार' असा शेरा मारता येणार नाही.

आता आपल्याकडचं बघू. ६३ केव्हीएच्या डीपीवर ढोबळ हिशोबाने पाच एचपीच्या बारा-तेरा मोटारी बसतात. वर आकडे टाकून आणखी सात-आठ जोडल्या, प्रत्येकाला ऑटो स्विच लावला, की लाईट आल्या क्षणी सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी पुन्हा जाते. किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायची जागा) फ्यूजच्या तारेऐवजी जाड ॲल्युमिनियमची तार कोंबलेली असते, मग फ्यूज जायच्या ऐवजी रोहित्रच जातं. हे ज्याला बोलायचं तो भाऊबंद असतो, म्हणून कुणी बोलत नाही. निदान मोटारींना कॅपॅसिटर लावा आणि ऑटो स्विच काढा. लोड खरंच वाढला असेल तर सगळ्यांच्या सह्यांनी जादा क्षमतेच्या रोहित्राची मागणी करा, ती मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्याची वाट बघू नका.

आणखी एक. रात्री पावसात खांबावर चढणारा पोरगा बहुतेक ठेकेदाराकडचा असतो, पगार तुटपुंजा. त्याला मी चहा देते, जेवायची वेळ असेल तर भाकरी देते. पैसे देत नाही. त्याचं आणि माझं त्यावरून कधी बिनसलं नाही.

बिल चुकलं तर

बिलावर आधीचं रीडिंग, चालू रीडिंग आणि मीटरचा फोटो असतो. दर महिन्याला बिल आलं की मीटरपाशी उभं राहून ताडून बघा. स्वतःच्या मोबाइलमध्येही मीटरचा फोटो काढून ठेवा. रीडिंगवाला आलाच नाही, घर बंद होतं, असा शेरा मारून सरासरी बिलं आली आणि मग तीन-चार महिन्यांचं एकदम आलं, तर युनिट बरोबर असूनही रक्कम चुकलेली असू शकते. आपल्याकडे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, असं. साठलेले युनिट एकाच महिन्यात धरले की वरच्या टप्प्याचा दर बसतो. अर्जात लिहा: "सदर युनिट प्रत्यक्ष महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ देऊन बिल दुरुस्त करावे." ही ओळ वापरणाऱ्या कितीतरी बायकांची बिलं खाली आलेली मला माहीत आहेत.

मीटर पळतोय अशी शंका असेल तर मेन चालू ठेवून घरातलं सगळं बंद करा. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा कुणीतरी तुमच्यावर जोडलंय. दुसरी परीक्षा: हजार वॅटची इस्त्री किंवा रॉड बरोबर एक तास चालवली, बाकी सगळं बंद ठेवलं, तर साधारण एक युनिट पडायला हवं. इस्त्री मधेच आपोआप बंद होते, म्हणून रॉड बरा. फरक मोठा असेल तर मीटर तपासणीचा अर्ज द्या. जागेवर अ‍ॅक्युचेक (मीटर तपासायचं यंत्र) लावून बघतात. २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत नवी तरतूद आली: रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर पाच दिवसांत चेक मीटर लावायचा आणि निदान तीन महिने दोन्ही मीटर ताडून बघायचे. हे उपविभागात सगळ्यांना पाठ असेलच असं नाही, तेव्हा अर्जात तुम्हीच लिहा.

दुरुस्ती होईपर्यंत बिल भरायचं का? इथे माणसं अडकतात. न भरलं तर तोडतील, भरलं तर मान्य केलं असं होईल. वीज कायदा २००३ चं कलम ५६ यासाठीच आहे. लाईट तोडायच्या आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली कमी असेल ती 'हरकत नोंदवून' भरली, तर वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. भरताना हरकतीचा अर्ज वेगळा द्या, त्यावर ओसी घ्या. मार्च महिन्यात वसुलीच्या गाड्या फिरतात तेव्हा हा कागद दाराला अडकवून ठेवण्याच्या लायकीचा असतो. वर्षानुवर्षं न दाखवलेली जुनी थकबाकी अचानक उगवली तर त्याच कलमाचं दुसरं पोटकलम वाचा, दोन वर्षांची मर्यादा तिथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय की चूक नंतर सापडली तर कंपनी जादा मागणी करू शकते, पण त्या वसुलीसाठी लाईट तोडता येणार नाही.

शाखा, उपविभाग, दोन्हीकडून उत्तर आलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. फी नाही, वकील नको, ठरलेला नमुना भरायचा आणि ओसींच्या प्रती जोडायच्या. मंचाने साठ दिवसांत निकाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पुढच्या साठ दिवसांत विद्युत लोकपाल, एक मुंबईला आणि एक नागपूरला. मात्र वीजचोरीचा किंवा अनधिकृत वापराचा ठपका असेल तर मंच ते ऐकत नाही, त्याची वाट वेगळी. माझं प्रकरण दराचं होतं. पिठाची गिरणी औद्योगिक दरात येते आणि मला वाणिज्यिक दराने बिल लावलं होतं. सुनावणीत मी काही फार बोलले नाही. दर आदेशातलं ते पान, जुनी बिलं आणि ओसी टेबलावर ठेवल्या. फरक पुढच्या बिलांत वळता झाला.

कुणी पैसे मागितले तर

उघड कुणी मागत नाही. "बघू या", "साहेबांचं काय ते बघून घ्या", "चहापाण्याचं विसरू नका" असं असतं. त्यावर माझं ठरलेलं वाक्य: "किती भरायचे ते सांगा साहेब, पावती कोणत्या नावाने मिळेल?" हे हसून, मोठ्या आवाजात, चार माणसांत म्हणायचं. नव्या कनेक्शनचं असेल तर "कोटेशन द्या, भरते" म्हणायचं. कोटेशनवर नसलेला रुपया द्यायचा नाही. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, कारण मागणारा अंदाज घेत असतो.

दाखले, उतारे, नोंदी यांच्यासाठी लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. प्रत्येक सेवेला किती दिवस हे कार्यालयात फलकावर लावायचं असतं. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज केला की तारीख आपोआप पडते, मुदत संपली की तीस दिवसांत पहिलं अपील. कामचुकार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंड होवो न होवो, अपिलाची नोटीस निघाली की दाखला निघतो.

आणि स्पष्ट मागणी झालीच, काम अडवून ठेवलं, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री १०६४. लोक घाबरतात कारण पुढे काय होतं हे माहीत नसतं, म्हणून सांगते. आधी तक्रार ऐकून घेतात. मग पडताळणी: पंचासमोर तुम्हाला त्या माणसाशी बोलायला लावतात, रेकॉर्डरवर मागणी येते की नाही ते बघतात. मागणी नसेल तर सापळा लागत नाही, उगाच कुणावर राग काढायला हा विभाग नाही. मग नोटांचे नंबर लिहून घेतात, नोटांना पावडर लावतात. सूचना एकच कडक असते: मागितल्याशिवाय नोटा पुढे करायच्या नाहीत. त्याने घेतल्या की तुम्ही इशारा करायचा. पंच सरकारी नोकरीतलेच, पण दुसऱ्या कार्यालयातले असतात. सापळ्यातली रक्कम तुमची असली तरी नंतर सरकारकडून परत मिळते, आणि अडलेलं काम मार्गी लावायला तो विभाग पाठपुरावा करतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नाही. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा या विभागाला कळवलं तर सुटका आहे. विभागाला आधी सांगून सापळ्यात दिलेले पैसे गुन्हा नाहीत. म्हणजे देऊन मोकळं व्हायचं आणि मग गावभर सांगत फिरायचं, हे आता धोक्याचं आहे.

खटला मात्र लांबतो. साक्षीला जावं लागतं, मधल्या काळात नातेवाईक पाठवून "मिटवून घ्या" म्हणतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की तक्रारदार उलटला, वारला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध होऊ शकते. तरीही लेकराबाळांची एकटी बाई किंवा ज्याचं घरच त्या माणसाच्या मेहेरबानीवर आहे, त्याने हे केलंच पाहिजे असं मी गिरणीत बसून म्हणणार नाही. वरचा कागदाचा मार्ग आधी संपवा, तेवढंच म्हणेन.

माहितीचा अधिकार, थोडक्यात

लोक यात 'भ्रष्टाचार का केला?' असं विचारतात आणि उत्तर येतं 'प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही'. का विचारायचं नाही. कागद मागायचा. आपल्याकडे अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मी अशी वाक्यं वापरते:

"आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक च्या माझ्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या टिपण्यांच्या व पत्रव्यवहाराच्या प्रती. सदर अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, त्याच्या नोंदीची प्रत. अमुक फिडरच्या सबस्टेशनमधील खंडित वीजपुरवठ्याच्या नोंदवहीची अमुक ते अमुक तारखांची प्रत."

तिसरी ओळ सोन्याची. लाईट किती वेळ गेली होती यावर तुमची वही आणि त्यांची नोंदवही शेजारी ठेवता येते. तीस दिवसांत उत्तर नाही तर जोडपत्र 'ब', २० रुपये, पहिलं अपील. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग. तिथे फार साठलंय, वेळ जातो. पण बहुतेक काम पहिल्या अपिलाच्या सुनावणीआधी होऊन जातं, कारण दिवसाला २५० रुपयांचा दंड त्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत. मला एकदा सुनावणीच्या आदल्या दिवशी "काकू, या ना, चहा घेऊ" असा फोन आला होता. चहा घेतला, कागदही घेतले.

पुढाऱ्यांकडून काम कसं काढायचं

पुढाऱ्याला फोन करवून डीपी आणली की ती डीपी त्याची होते. पुढची पाच वर्षं बॅनरवर तिचा फोटो. म्हणून फोन नको, पत्र मागा. आमदारांच्या लेटरहेडवर, तुमच्या अर्जाचा आवक क्रमांक घातलेलं, कार्यकारी अभियंत्याच्या नावाने. त्याची प्रत आपल्याकडे.

वेळ ओळखा. अधिवेशनाच्या तोंडावर, म्हणजे मार्चचं, पावसाळ्यातलं आणि डिसेंबरमध्ये नागपूरचं, कार्यालयं हलकी झालेली असतात. आपला विषय तारांकित प्रश्नात किंवा लक्षवेधीत गेला तर उत्तर शाखेकडूनच मागवलं जातं. विरोधी बाजूच्या आमदारालाही प्रत द्या. प्रश्न विचारायची हौस त्यांना जास्त असते. "आचारसंहिता लागली" हे कारण ऐकून परत फिरू नका. तिच्यात नवी योजना जाहीर होत नाही, नवं काम सुरू होत नाही, पण जळालेलं रोहित्र बदलायला किंवा बिल दुरुस्त करायला ती आडवी येत नाही.

ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. तिच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, आणि ती बऱ्याच गावांत कागदावरच होते. तिथे जाऊन बसा. रात्रीची लाईट, रस्त्यावरचे दिवे, पाण्याची मोटार यावर ठराव लिहून घ्या, वाचून दाखवा म्हणा, मगच सही करा. कोऱ्या रजिस्टरवर सही मागितली तर करू नका. ठरावाची नक्कल ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) अर्ज करून मागा. ठरावाने वीज कंपनी बांधली जात नाही, पण मंचापुढे आणि लोकशाही दिनात तो जोडता येतो. लोकशाही दिन तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. अर्ज आगाऊ द्यावा लागतो, तो दोन प्रतींत न्या आणि टोकन घेऊन या.